कोणती घेऊ, फादर?



गेल्या महिन्यात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आपल्यातील एक ताई सॅक्रिस्टीच्या दाराशी थांबल्या. त्यांना विजेवर चालणारी सायकल घ्यायची होती. पंधरा हजार बचत गटातून उचलायचे आणि तेवढेच पदरचे घालायचे, असे ठरले होते. ‘कोणती घेऊ, फादर? तुमी शिकलेली मान्सं, तुमीच सांगा.’

ताई सहा किलोमीटरवरच्या शाळेत पोषण आहाराचा स्वयंपाक करतात. एस.टी. त्यांच्या वेळेला नाही. काळीपिवळी भरल्याशिवाय हलत नाही. जाताना उतार आणि येताना चढ, शिवाय वारा तोंडावर. लेकीला आठवीत असताना मानव विकास कार्यक्रमातून शासनाची सायकल मिळाली होती. तिच्यावरच त्या चाळिशी उलटल्यावर चालवायला शिकल्या. तेव्हा हा पैसा हौसेचा नव्हता. निवड चुकली तर बचत गटाचे हप्ते फेडत पुन्हा पायीच जायचे, एवढा तो प्रश्न होता.

आम्ही उत्साहाने कामाला लागलो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून आम्ही विवेकाच्या तीन पायऱ्या शिकलो होतो: आधी विचारविनिमय, मग निर्णय आणि शेवटी अंमल. विचारविनिमय आम्ही भरपूर केला. सोलापूरच्या दुकानदाराला फोन केला, पुण्याच्या एका मित्र फादरांना केला. कळले ते असे. या सायकली दोन तऱ्हांनी चालतात. एकीत आपण पेडल मारले की मोटर जोर लावते आणि पाय थांबले की तीही थांबते. दुसरीत मोपेडसारखी मूठ पिळली की पाय न हलवता गाडी पळते. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींत दोन्ही सोयी असतात.

आम्हाला पहिली तऱ्हा फार आवडली. खरी मदत अशीच असावी, असे आम्हाला वाटले. जी माणसाचे बळ वाढवते पण त्याच्या जागी जाऊन बसत नाही, ती मदत. मूठ पिळणे म्हणजे आळसाला वाट करून देणे. (या विषयावर एक प्रवचनही मनात तयार झाले होते, ते आता बाजूला ठेवले आहे.) पुढच्या रविवारी आम्ही ताईंना केवळ पेडलवर मदत करणारी, मूठ नसलेली एक सायकल सुचवली आणि व्यायामाचे महत्त्वही सांगितले.

ताईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, ‘फादर, गुडघे तर उसात गेले.’

लग्नानंतरची बरीच वर्षे त्या आणि त्यांचे यजमान मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जात होते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे, दिवसातून कितीदा त्याची मोजदाद नाही. हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही. त्यांचे घर आम्ही आशीर्वादित केले आहे, तिथला चहा घेतला आहे. पण आम्ही सोलापूरला विचारले, पुण्याला विचारले, आणि ज्या गुडघ्यांनी ती सायकल चालवायची त्यांना विचारायचे राहून गेले.

आपल्या जिल्ह्याला ही चूक नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लोहारा-उमरगा भागात नवी गावठाणे उभी राहिली. घरे पक्की झाली. हजारोंना छप्पर मिळाले आणि तो उपकार विसरण्याजोगा नाही. पण माळवदाच्या घरांची, भिंतीला भिंत लागलेली जुनी गावे गेली आणि त्यांच्या जागी रुंद रस्त्यांची, सरळ रेघांची, ऐसपैस गावे आली. नकाशावर ती छान दिसत. म्हाताऱ्या माणसांना मात्र शेजार लांब पडला, कुणाचे शेत लांब पडले, आणि जनावरे बांधायची कुठे हा प्रश्न उरला. नकाशा काढणाऱ्यांचे मन वाईट होते असे आम्ही म्हणणार नाही. आमचेही नव्हते.

यरीहोच्या रस्त्यावर बार्तीमय आंधळा होता हे सगळ्यांना दिसत होते, तरी त्याला काय हवे हे प्रभूने त्याच्याच तोंडून वदवून घेतले. हा उतारा आम्ही कितीदा वाचला, पण त्यातला तो प्रश्न आम्हाला केवळ सौजन्याचा वाटत आला होता.

मग आम्ही ताईंना नीट विचारले आणि यादी पार बदलली. त्या नऊवारी-सहावारीतच चालवणार, तेव्हा मधली दांडी नको. सायकल पत्र्याच्या पडवीत राहणार आणि प्लग घरात एकच आहे. म्हणून बॅटरी काढून आत नेता आली पाहिजे, एरवीही उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली ती ठेवू नयेच. मागच्या चाकात मोटर असली तर चाक काढताना वायर सोडवावी लागते, गावातल्या पंक्चरवाल्याला ते जमेल का हे आधी त्यालाच दाखवायचे. मूठ हवीच. आणि वाटेत चार्ज संपला तर साध्या सायकलीसारखी दामटता आली पाहिजे, उतारावर तरी.

अंतराचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला. ३६ व्होल्ट आणि ७.८ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे सुमारे २८० वॅट-तास. २५० वॅटची मोटर पूर्ण जोरावर चालवली तर तासाभरापेक्षा थोडे अधिक, म्हणजे सपाटीवर पंचवीसेक किलोमीटर. चढ, वारा आणि भाजीची पिशवी धरून त्यातले बरेच वजा करावे. ताईंचे जाऊन-येऊन बारा किलोमीटर त्यात बसतात. वीज लागते पाव-अर्धा युनिट. खरा खर्च बॅटरीचा आहे. ती काही वर्षांनी थकते आणि नवी घ्यायला सायकलीच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. त्यासाठी महिन्याला थोडे बाजूला टाकावे लागेल, हे ताईंना आम्ही सांगण्याआधीच कळले होते.

एका गोष्टीवर मात्र आमचा वाद झाला. एक दुकानदार त्यांना म्हणाला होता की तेवढ्याच पैशांत मोठी मोटर बसवून देतो, चाळीसने पळेल, नंबर नको, लायसन नको. ताईंना ते पटले होते. आम्हाला नाही. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तरच कायदा तिला मोटार वाहन धरत नाही. त्यापुढे नोंदणी, परवाना, विमा सगळे आले. ताई म्हणाल्या, ‘सगळेच चालवत्यात की.’ आम्ही म्हटले, गुडघे तुमचे आहेत, त्याबद्दल आम्ही बोलणार नाही. पण रस्त्यावर शाळेतून येणारे पोर आहे, त्याला कुणी विचारले नाही. चाळीसच्या वेगात ते आडवे आले तर विमाही नाही. ताई गप्प राहिल्या. पटले की आमचा मान राखला, हे अजून कळलेले नाही.

सायकल अजून घेतलेली नाही. येत्या शनिवारी त्या सोलापूरला जाऊन स्वतः बसून, चढावर चालवून पाहणार आहेत. आम्हालाही बोलावले आहे, पण दुकानात भाव आपणच करणार, फादरांनी मधे बोलायचे नाही, असे त्यांनी आधीच बजावून ठेवले आहे.