मूल धोंडा मागतें तेव्हां

शास्त्रपाठ : मत्तय ७:९–११, १ शमुवेल २:१२–२९



डोंगरावर बसून लोकांस शिकवीत असतां आपल्या प्रभूनें तेथें जमलेल्या बापांस एक प्रश्न केला. पोटचें पोर भाकर मागत असतां त्याच्या हातीं धोंडा देईल, किंवा मासा मागत असतां साप देईल, असा कोणी बाप आहे काय, असें त्याचें विचारणें होतें. उत्तराची त्याला अपेक्षा नव्हती. कारण वाईटांतला वाईट मनुष्य देखील आपल्या लेकराशीं असा वागत नाहीं. परंतु आज खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत फिरून पाहिलें म्हणजे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे असें ध्यानांत येतें. मूल भाकर नको म्हणून धोंडाच मागूं लागलें, रडून व हातपाय आपटून मागूं लागलें, तर बापानें काय करावें? आणि तो धोंडा रंगीत कागदांत गुंडाळून, पांच रुपयांस, दारासमोरच्या दुकानांत टांगलेला असेल तर?

ही अतिशयोक्ति नव्हे. कोणत्याही वस्तींतील किराणा दुकानाकडे पाहा. चुरमुरे, फुटाणे व शेंगदाणे मागें कोठें तरी डब्यांत असतात. पुढें मात्र चकचकीत पुड्यांच्या माळा लोंबत असतात, आणि त्या लहान मुलाच्या डोळ्यांसमोर येतील इतक्या खालीं असतात. सकाळीं मुलाच्या पोटांत प्रथम जातो तो चहा, व त्याबरोबर खारी किंवा बिस्किट. दुपारीं शाळेंत मिळेल तें अन्न. संध्याकाळीं आई कामावरून येऊन चूल पेटवीपर्यंत मूल कुरकुरतें, म्हणून पांच रुपये. आणि भाकर झाल्यावर तें जेवत नाहीं, म्हणून हातांत मोबाइल. मोबाइलाकडे डोळे लावून तें तोंड उघडतें व आई घास घालते. पोट भरलें कीं नाहीं हें त्याला कळत नाहीं; भाकरीबरोबर भाजी होती कीं चटणी होती, हेंही कळत नाहीं.

हें करणारी आई निष्काळजी आहे असें जो उपदेशक म्हणेल त्यानें आधीं एक दिवस तिच्याबरोबर कांदे काढावयास जावें. दिवसभर वांकून ती घरीं आलेली असते, आणि लेकरूं हंसलेलें पाहण्याचा तिला ठाऊक असलेला सर्वांत स्वस्त उपाय तो आहे.

शिवाय या पांच रुपयांच्या मुळाशीं एक जुनें दुःख आहे. आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ घराण्यांचे पूर्वज येसकराची काठी घेऊन दारोदार फिरले व दुरून टाकलेली शिळी भाकर पदरांत घेऊन आले. १९५८ च्या कायद्यानें तीं हलकीं समजलीं जाणारीं गांवकीचीं वतनें रद्द झालीं. पण त्या भाकरीची आठवण कायद्यानें गेली नाहीं. ज्याच्या आजोबांनीं तसली भाकर खाल्ली त्याला आपल्या मुलाच्या हातांत कोणी न उघडलेली, पुरती किंमत मोजून घेतलेली, कोणाच्याही उपकाराची नव्हे अशी पुडी पाहून मान ताठ करावीशी वाटते. या भावनेची कोणी थट्टा करूं नये. एवढें मात्र सांगितलें पाहिजे कीं, ज्यांनीं ही पुडी बनविली त्यांच्या मनांत आपल्या आजोबांचा अपमान धुऊन काढण्याचा हेतु नव्हता. आणि जी बाजरीची किंवा ज्वारीची भाकर आज मूल गरिबांचें खाणें म्हणून दूर लोटतें, त्याच भरड धान्यांच्या गौरवाकरितां भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें सबंध साल नेमून दिलें होतें. शहरांतील सुखवस्तु लोक आतां तींच धान्यें जास्त दाम देऊन घेतात. आपल्या वडिलांचा अपमान झाला तो भाकर ज्या रीतीनें दिली जाई त्या रीतीमुळें झाला. धान्याचा त्यांत कांहीं दोष नव्हता.

आतां शिलो येथील परमेश्वराच्या मंदिराकडे वळूं. एली याजकाचे दोन पुत्र, हफनी व फिनहास, यांची कथा वाचतांना त्यांचा भयंकर शेवट आपल्या लक्षांत राहतो. पण शास्त्र त्या कथेचा आरंभ कोठून करतें तें पाहा. तें आरंभ करतें स्वयंपाकाच्या भांड्यापासून. लोक यज्ञ करावयास येत, मांस शिजत असे, तोंच याजकाचा नोकर तीन दांत्यांचा आंकडा घेऊन येई व भांड्यांत खुपसून जें वर येईल तें घेऊन जाई. पुढें पुढें तर शिजेपर्यंत थांबणेंही त्यांस नकोसें झालें. चरबीचा होम होण्यापूर्वीं कच्चें मांसच द्या, नाहीं तर बळानें घेऊं, अशी भाषा सुरू झाली. ज्यांस भांड्यापुढें थांबतां आलें नाहीं त्यांस पुढें दुसऱ्या कोणत्याही मोहापुढें थांबतां आलें नाहीं.

एलीनें त्यांस कांहींच म्हटलें नाहीं असें नव्हे. म्हातारपणीं, लोकांकडून सर्व ऐकल्यावर, त्यानें त्यांस बोल लाविला, व त्याचें तें बोलणें चांगलें होतें. पण त्यानें त्यांस आंवरलें नाहीं, आणि परमेश्वरानें लहानग्या शमुवेलाजवळ त्याच्याविषयीं जो दोष सांगितला तो नेमका हाच. बोलणें व आंवरणें यांतील अंतर प्रत्येक आईबापास ठाऊक आहे. ‘नको रे बाबा, खोकला होईल,’ असें म्हणत म्हणतच आपण खिशांतून पैसे काढतों!

पण एली आंवरीत कां नव्हता? याचें उत्तर देवाच्या माणसानें त्याच्या तोंडावर सांगितलें, व तें वाचतांना मनाला भीति वाटते. लोकांच्या अर्पणांतील उत्तम उत्तम भागांवर जे पुष्ट झाले त्यांत त्यानें एलीलाही धरलें. आंकडा मुलांचा होता, पण ताटांत वांटा बापाचाही होता. मग तो कोणत्या तोंडानें मना करणार? पुढें एली आसनावरून मागें पडून मान मोडून मरण पावला, तेव्हां तो वृद्ध व अंगानें जड होता असें शास्त्रानें मुद्दाम लिहून ठेवलें आहे. आपल्या घरांतही पाहा. बापाच्या गालांत तंबाखूचा बार आहे, आणि तो मुलास म्हणतो, तें लाल पाणी पिऊं नको. आईची मालिका चालू आहे, आणि ती मुलीस म्हणते, अभ्यासाला बैस. कुटुंबप्रार्थनेच्या वेळीं बापाच्या मांडीवर मोबाइल उजळतो, आणि प्रार्थना थांबते! तेव्हां मुलाचें ताट तपासण्यापूर्वीं आठ दिवस आईबापांनीं आपलें ताट व आपला हात तपासावा, हें बरें.

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आपण नवें सोवळें निर्माण करूं नये. खाण्यावरून मनुष्यास हलका लेखल्याचें दुःख आपल्या लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या भोगलें आहे. जें बाहेरून पोटांत जातें त्यानें मनुष्य विटाळत नाहीं, हें प्रभूनें मार्काच्या सातव्या अध्यायांत स्पष्ट केलें आहे. तेव्हां पुडी खाल्लेलें मूल पापी ठरत नाहीं. आणि सुकट, अंडें, मटण हीं कोणी हलकीं अन्नें समजूं नयेत, वाढत्या अंगाला तीं फार उपयोगी आहेत. दानीएल व त्याचे तीन सोबती यांनीं दहा दिवस भाजीपाला व पाणी घेतलें, ती गोष्ट सांगून कित्येक शिक्षक मुलांस भाजी खावयास लावितात. हरकत नाहीं. पण त्या तरुणांनीं राजाचें अन्न नाकारलें तें प्रकृतीकरितां नव्हे, देवाच्या नियमाकरितां. आईबापांनीं त्या गोष्टींत आणखी एक पाहावें. त्यांस यरुशलेमेहून बाबेलास नेलें तेव्हां बरोबर आई नव्हती, बाप नव्हता. ताटांत राजाचें अन्न, पुढें राजाचा अधिकारी. आणि तरी ‘नको’ हा शब्द त्यांच्या स्वतःच्या तोंडून निघाला. आपलींही मुलें दहावी-बारावीनंतर पुण्यामुंबईकडे जातात, कोठें तरी खोली घेऊन किंवा वसतिगृहांत राहतात. तेथें त्यांचा हात धरावयास आपण नसतों.

आतां थोडी व्यवहाराची माहिती, कारण नुसत्या मायेनें रक्त वाढत नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत सहा महिने ते पांच वर्षे या वयाच्या भारतीय मुलांपैकीं शेंकडा ६७ मुलांच्या अंगीं रक्त कमी असल्याचें आढळलें. चहांतील तुरट द्रव्य अन्नांतील लोह अंगीं लागूं देत नाहीं. म्हणून सकाळीं भाकरीबरोबर चहा देणें म्हणजे एका हातानें देऊन दुसऱ्या हातानें काढून घेण्यासारखें आहे. उलट लिंबू, आंवळा, पेरू यांनीं तेंच लोह अधिक लागतें. शेवग्याचा पाला, मेथी, चवळी, तांदुळजा यांस फार पैसा पडत नाहीं. शेवगा तर दारीं एकदां लावला कीं वर्षानुवर्षें पुरतो. मूठभर भाजलेले शेंगदाणे, उकडलेलें अंडें, कण्या, आंबील, ताकांत कालवलेली भाकर, यांनीं कुरकुरणारें मूल चूल पेटेपर्यंत सहज थांबतें. आणि लग्नकार्यांत मुलांच्या हातीं जी रंगीत पेयाची बाटली येते, तिच्या २५० मिलिलिटरांत साधारण २५ ग्रॅम, म्हणजे पांच-सहा लहान चमचे साखर असते. एवढी साखर कोणती आई पेल्याभर पाण्यांत आपल्या हातानें घालील?

करमणुकीची गोष्ट याहून कठीण आहे, कारण तिचा परिणाम वजनकांट्यावर दिसत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें कीं, एक वर्षाच्या आंतील मुलास पडद्यापुढें मुळींच बसवूं नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसांतून एक तासाहून अधिक बसवूं नये. त्याहून कमी तर अधिक बरें. हें वाचून कोणी मोबाइल विहिरींत टाकावा असें नाहीं. त्याच मोबाइलावर दूरच्या मुलीचा चेहरा दिसतो व शाळेचे धडेही येतात. पण रील पाहतां पाहतां ज्या लेकराचा अंगठा क्षणाक्षणाला सरकतो, त्याला पुढें शास्त्राचा अध्याय, गणिताचें उदाहरण किंवा आजारी आजीचें बोलणें शेवटपर्यंत ऐकणें जड जातें. आंकडा खुपसून शिजण्यापूर्वींच ओढून घेण्याची ती जुनीच संवय आहे, नुसतें भांडें बदललें आहे.

कित्येक जुन्या उपदेशकांची रीत अशी होती कीं, तमाशास जाऊं नका, पत्ते खेळूं नका, एवढें ते सांगत. मग संध्याकाळीं काय करावें तें सांगत नसत. मुलांस रिकामें ठेवून आंवरतां येत नाहीं. सर्वच पूर्वज तसे होते असें मात्र नाहीं. आज जिला अहिल्यानगर म्हणतात त्या नगरकडील मंडळ्यांनीं एकोणिसाव्या शतकांत कीर्तनाची देशी रीत आपलीशी केली, आणि वीणा-टाळ-मृदंगांच्या साथीनें शास्त्रांतील कथा गावोगाव नेल्या. त्याच शतकांत अमेरिकन मराठी मिशननें मुलांकरितां ‘बालबोधमेवा’ नांवाचें मासिक चालविलें. वाचनाला मेवा म्हणणारे ते लोक मुलांस ओळखत होते. जखऱ्या संदेष्ट्याच्या आठव्या अध्यायांत यरुशलेमेस जे आशीर्वाद सांगितले आहेत, त्यांत रस्त्यांवर मुलामुलींनीं खेळावें हाही एक आहे. तेव्हां हुतुतू, लगोरी, विटीदांडू, सूरपारंब्या, मुलींची फुगडी, ढोलकीवर टिळकांचीं पदें, आजीच्या गोष्टी, यांस वेळ वायां घालविणें असें कोणी म्हणूं नये. घरांत एक फळी नेमावी. दिवा लागल्यापासून जेवण व प्रार्थना होईपर्यंत घरांतले सारे मोबाइल तिच्यावर राहावे, आणि बापाचा सर्वांत आधीं राहावा. मोठ्या मुलांच्या मोबाइलांत काय आहे हें चोरून पाहण्यापेक्षां कधीं त्यांच्या शेजारीं बसून तेंच पाहावें व विचारावें, यांत तुला काय आवडतें? एखादे वेळीं आपल्यालाही हंसूं येईल. कांहीं वेळां तें स्वतःच लाजून बंद करील.

उपदेशक बंधूंस एक विनंति आहे. शब्बाथशाळेंत वचन पाठ केल्याबद्दल आपण चॉकलेट देतों, नाताळांत खाऊ म्हणून पुड्यांची पिशवी देतों, आणि मग आईबापांस उपदेश करतों. आपलाही वांटा त्या भांड्यांत आहे. यंदा राजगिऱ्याचे लाडू किंवा शेंगदाण्याची चिक्की मंडळींतल्या बायकांकडून करवून घ्या. त्यांना दोन पैसे मिळतील, आणि मुलांस तें खाऊन तहान लागली तर पाणीच हवेंसें वाटेल. बक्षीस म्हणून एखादें गोष्टीचें पुस्तक, दोरी किंवा चेंडू द्या.

शेवटीं हन्नेविषयीं. ज्या भांड्याभोंवतीं हफनी व फिनहास बिघडले, त्याच मंदिरांत, त्याच वर्षांत, शमुवेल नांवाचें एक लहान मूल वाढत होतें. त्याची आई रोज त्याच्याजवळ नसे. ती वर्षांतून एकदां एलकानाबरोबर येई, व येतांना त्याच्याकरितां शिवलेला एक लहान झगा आणी. गेल्या वर्षीं केवढा होता, आतां खांद्याला किती भरला असेल, हात किती लांब झाले असतील, याचा अदमास तिला घरीं बसून करावा लागे. आपल्याला तितकें लांब जावें लागत नाहीं. अंगणवाडींत मुलाचें वजन व उंची दर महिन्यास मोजून लिहून ठेवतात. या महिन्यांत कामाची एक सकाळ सोडून जा, आणि आपल्या लेकराचा आंकडा गेल्या महिन्याहून वर आहे कीं खालीं, हें ताईंना विचारून या.