मत्स्यन्याय

मासा आपल्या पिलांवर माया करतो काय, असे कोणी विचारले तर आपल्याकडचा मनुष्य हसेल. माशाच्या नावावर आपण एकच गोष्ट मांडून ठेवली आहे, ती म्हणजे मत्स्यन्याय. राजदंड नसला की बलवान दुर्बलाला गिळतो, हे सांगताना कौटिल्याने माशाचे उदाहरण दिले आणि मासा बदनाम झाला तो कायमचाच. वात्सल्याचा मान आपण दिला कासवीला. ती नुसत्या नजरेने पिले वाढवते, हा दृष्टांत संतांनी इतक्या प्रेमाने दिला की तो खरा आहे काय, हे तपासण्याची कोणाला गरज वाटली नाही. मौज अशी की वेळासच्या किनाऱ्यावर येणारी समुद्रकासवी अंडी घालते, वाळूने खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. पिलांचे तोंडही ती पाहत नाही. आणि ज्यांना आपण निर्दय ठरवले त्या माशांत मात्र काही कुळे अशी आहेत, की त्यांच्या संसारापुढे आपण मान खाली घालावी.

त्यांतले एक कूळ सिक्लिडांचे. गोव्याकडे आवडीने खातात ती कळुंदर याच कुळातली. तिची धाकटी नारिंगी बहीण दक्षिण भारताच्या आणि श्रीलंकेच्या किनाऱ्यालगत मचूळ पाण्यात राहते. तिची पिले आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात, म्हणजे एका अर्थी अंगावरच पितात म्हणाना. या कुळातल्या ठेंगण्या जाती दक्षिण अमेरिकेत आणि आफ्रिकेत आहेत. माझ्या घरी ओटीवर काचेची एक टाकी आहे, तीत अशाच ठेंगण्यांची एक जोडी नांदते. त्यांना रॅम म्हणतात. यांचे मूळ घर व्हेनेझुएला आणि कोलंबियातले ओरिनोको नदीचे खोरे. शास्त्रज्ञांनी या जातीचे बारसे १९४८ साली केले. माझी जोडी मात्र कुर्ल्याच्या बाजारातून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बसून, कर्जत लोकलने नेरळला उतरली आणि तेथून रिक्षाने कळंबला आली. बोटाएवढा जीव, अंगावर निळे ठिपके, डोळ्यावरून उतरलेली काळी रेघ, आणि चालण्यात सरदाराचा तोरा.

या माशांना वीण धरायची तर पाणी मऊ लागते आणि चांगले उबदार लागते. मऊ पाण्याची सोय आमच्याकडे आकाशच करते. पहिल्या दोन-चार सरींनी कौले धुऊन निघाली की मी पागोळ्यांखाली पिंप लावतो. ते पाणी थोडे थोडे टाकीत मिसळू लागल्यावर एके दिवशी जोडी एका सपाट दगडावर चोची मारू लागते. दगड लख्ख होतो. मग मादी त्याच्यावरून हळूच सरकत अंड्यांची ओळ मांडते आणि नर तिच्या मागोमाग जातो. ओळीवर ओळ, अशी शे-दीडशे अंडी, खसखशीहून थोडी मोठी. मग पाळ्या लागतात. एकाने कल्ल्यांजवळच्या परांनी अंड्यांवर वारा घालायचा, दुसऱ्याने पहारा करायचा. खराब झालेले अंडे तोंडाने उचलून दूर करायचे. दोन-तीन दिवसांत पिले फुटतात, ती तोंडात धरून वाळूतल्या खळग्यात नेऊन ठेवायची. आणखी पाचएक दिवसांनी ती पोहू लागली की त्यांच्या थव्यापाठोपाठ हिंडायचे. इतका हा प्रपंच आहे.

पण हा प्रपंच दर वेळी तडीस जात नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते, पंप थांबतो, अंधारात कोणी ओटीवर बॅटरी घेऊन येते, आणि सकाळी पाहावे तो दगड स्वच्छ. आईबापांनीच अंडी खाल्लेली असतात. नव्या जोड्यांत हे फार घडते. असे एकदा घडत असताना माझी धाकटी मुलगी टाकीपाशी उभी होती. तिने विचारले, "बाबा, तुम्ही पाहत होता ना? मग थांबवलं का नाही?"

प्रश्न सोपा नाही. थांबवण्याचा उपाय दुकानदार पहिल्याच दिवशी सांगून ठेवतात. दगड अंड्यांसकट उचलावा, वेगळ्या बरणीत ठेवावा, बुरशी धरू नये म्हणून निळ्या औषधाचा थेंब टाकावा आणि जवळ हवेचे बुडबुडे सोडावेत. आईने पराने घालायचा वारा पंप घालतो. पिले पुष्कळ जगतात. तेव्हा हिशेब उघड दिसतो: एका बाजूला शून्य पिले, दुसऱ्या बाजूला शंभर.

यावर काही लोक म्हणतात, निसर्गाच्या कामात हात घालू नये. हा युक्तिवाद मला लटका वाटतो. ओरिनोकोचे पाणी सोडवून ज्यांना मी अडीच फुटांच्या काचेत आणले, त्यांच्या बाबतीत निसर्गाचे नाव घेण्याचा मला अधिकार काय? नदीत घाबरलेल्या माशाला पळायला जागा असते. येथे भिंती मी घातल्या, वीजही माझ्याच घरातली जाते. जो भिंत घालतो त्याच्याकडे भिंतीच्या आत घडणाऱ्या गोष्टींची जबाबदारी येते. तिला निसर्ग म्हणून हात झटकता येत नाहीत.

पण म्हणून अंडी काढून घ्यावीत, हेही मला पटत नाही. कारण त्या हिशेबात फक्त पिले मोजली जातात, आईबाप मोजलेच जात नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या बरणीत वाढलेले रॅम पुढे पिले सांभाळणेच विसरतात, असे अनुभवी पाळणारे सांगतात. ते सोडून दिले तरी माझा मुद्दा उरतो. या माशाचे माशेपण नुसते जगण्यात नाही, ते या पहाऱ्यात आहे.

कोन्राड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने याच कुळातल्या एका बापाची हकीकत लिहून ठेवली आहे. पुढे १९७३ साली लोरेन्झला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. संध्याकाळी भटकी पिले तोंडात धरून हा बाप खळग्याकडे नेत होता. वाटेत अळीचा तुकडा दिसला, तोही त्याने तोंडात घेतला, आणि तेवढ्यात एक चुकार पिलू दिसल्यावर तेही घेतले. आता तोंडात एक गिळायचे आणि एक जपायचे. मासा जागच्या जागी थांबला. मग त्याने दोन्ही बाहेर टाकली, पिलावर नजर ठेवून अळी खाल्ली, पिलू पुन्हा उचलले आणि घरी नेले. त्या क्षणी त्या इवल्या डोक्यात काय चालले होते ते कोण सांगणार? पण भूक आणि माया यांच्यामध्ये अडकून तो थांबला, एवढे खरे. त्याला तेथे थांबण्याचीच संधी न देणे, याला मी दया म्हणू शकत नाही.

आमच्या वाडीवरचे एक वृद्ध कातकरी गृहस्थ अधूनमधून टाकीपुढे येऊन बसतात. पहिल्यांदा आले तेव्हा बराच वेळ पाहून म्हणाले, "गुरुजी, खायचं नाय तर पोसताय कशाला?" मला उत्तर देता आले नाही. पहिल्या पावसात वलगण लागते, नदीतले मासे ओढ्यांतून शेतांपर्यंत चढून येतात, आणि सारे गाव ते धरायला धावते. तेही वीण घालायलाच निघालेले असतात. त्यांची गाबोळी आमच्या घरीही चवीने खातात. मग टाकीतल्या शंभर अंड्यांसाठी हळहळायचे कोणत्या तोंडाने? पण त्याच गृहस्थांनी मला सांगितले की मरळीच्या तांबड्या पिलांचा थवा पाण्यावर दिसला की खाली आईबाप असतातच. त्यावर ते म्हणाले, "तिथं आम्ही गळ टाकत नाय. बी ऱ्हायला पायजे." खाणाऱ्याचा हा हिशेब पाळणाऱ्याच्या हिशेबापेक्षा स्वच्छ आहे. तो किती घेतो आणि किती सोडतो, हे त्याला ठाऊक असते.

पाळणाऱ्याला मात्र आपण किती घेतो याचा पत्ता नसतो. शंभर पिले जगवली, पुढे काय? दोन घरी दिली, चार दुकानात गेली. उरलेली कोणी दयाळूपणे पोशीरच्या पात्रात सोडायची म्हणतो. ही दया सर्वांत घातक. याच कुळातला मोझांबिकचा टिलापिया १९५२ साली भारतात आणला, तो गरिबांना स्वस्त मासा मिळावा म्हणून. हेतू उत्तम होता. पण तो तळ्यांत, धरणांत पसरला आणि देशी माशांच्या जागेवर बसला. त्याची मादी पिले तोंडात सांभाळते. एवढी चांगली आई परक्या पाण्यात शेजाऱ्यांना जड झाली. दुसरीकडे बाजाराची हौस अशी की फुग्यासारखे दिसावेत म्हणून आखूड कण्याचे रॅम मुद्दाम पैदा केले जातात. तेथेही अंड्यांची, पिलांची काळजी घेतातच. फक्त ती कोणासाठी घेतात, एवढाच प्रश्न.

तेव्हा मुलीला मी जे सांगितले ते असे. अंडी काढून घ्यायची नाहीत, पण 'त्यांचे नशीब' म्हणून बसायचेही नाही. टाकीच्या तीन बाजूंना कागद लावायचा, रात्री एक मंद दिवा ठेवायचा, पंपाला बॅटरी जोडायची, वीण असेल तेव्हा ओटीवर धावायचे नाही. आईबापांचे काम आपण करायचे नाही, ते त्यांना करता यावे एवढे करायचे. त्यानंतरही त्यांनी अंडी खाल्ली तर ते पाहण्याचे धैर्य ठेवायचे. आणि जितक्या पिलांना घर देता येईल त्याहून अधिक पिलांसाठी पागोळ्यांचे पाणी टाकीत ओतायचे नाही.

ती म्हणाली, "म्हणजे कमी पिलं होतील." होतील खरी. पण माया किती जीव जगवले यावर मोजायची नसते. ज्यांना आपण कोंडले त्यांचे स्वतःचे असे काय काय आपण शाबूत ठेवले, यावर ती मोजावी, असे मला वाटते. हे माप माशांपुरतेच आहे असेही नाही. शाळेत चाळीस मुले माझ्यापुढे बसतात, त्यांच्या उत्तरपत्रिका मी लिहून दिल्या तर सगळीच पास होतील. घरोघरचे आईबापही हल्ली मुलांच्या वाटचा वारा पंपाने घालू पाहतात. मोठ्याने लहानाला गिळणे हा एक मत्स्यन्याय झाला. लहानाचे काम काढून घेऊन त्याला जगवणे, हेही एक प्रकारचे गिळणेच आहे. फक्त त्यात दात दिसत नाहीत.