मित्राबरोबर डोंगरापर्यंत

वाचनपाठ : योहान ४:४–२६, २ राजे ५:१५–१९, गलती ६:१–५

माघ महिना सरत आला म्हणजे नागपूरच्या आसपासच्या खेड्यांतून महादेवाच्या नावाचा घोष ऐकू येऊ लागतो. शेजारीपाजारी वळकट्या बांधतात, नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेतात आणि सातपुड्याच्या वाटेस लागतात. अशा वेळी मंडळीतील एखादा बंधू उपदेशकाकडे येऊन हळूच विचारतो, “बाळपणाचा मित्र सोबत बोलावीत आहे, मी जावे काय?” पुष्कळ उपदेशक एका शब्दात उत्तर देऊन मोकळे होतात. परंतु, प्रिय वाचकहो, हा प्रश्न एका शब्दात मावणारा नाही. ह्यात एका बाजूस देवाशी निष्ठा आहे व दुसऱ्या बाजूस शेजाऱ्यावरील प्रीती आहे. आणि प्रभूने ही दोन्ही एकमेकींस जोडून ठेविली आहेत.

प्रथम ही यात्रा काय आहे ते पाहू. कारण जे आपण पाहिले नाही त्याविषयी बोलण्यात आपले ओठ फार उतावळे असतात. पचमढीजवळ चौरागड नावाचा उंच डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर शंकराचे देऊळ असून तेथे पोहोचण्यास तेराशेच्या आसपास पायऱ्या चढाव्या लागतात. नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया असा सुमारे अडीचशे किलोमीटरांचा हा मार्ग आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर एका राज्यात व पचमढी दुसऱ्या राज्यात गेली. तथापि महाशिवरात्रीस विदर्भातून तेथे जाणारा लोकांचा ओघ काही थांबला नाही. ज्याचा नवस पुरा झाला तो त्रिशूळ घेऊन जातो. कोणाचा त्रिशूळ हातात सहज मावेल एवढा, तर कोणाचा अनेकांनी मिळून उचलावा एवढा जड. माथ्यावर अशा त्रिशुळांचे रानच्या रान उभे आहे. प्रत्येक त्रिशुळामागे कोणाचे तरी आजारी लेकरू, कोणाची रिकामी कूस, कोणाचे बुडालेले शेत आहे. हे ध्यानात आले म्हणजे थट्टेचा शब्द जिभेवर येत नाही.

यात्रा ही गोष्ट पवित्र शास्त्रास अपरिचित नाही. स्तोत्रसंहितेतील १२० पासून १३४ पर्यंतची पंधरा स्तोत्रे यरुशलेमेच्या डोंगराकडे चढून जाणाऱ्या लोकांसाठी आहेत. स्वतः प्रभू येशू बारा वर्षांचा असताना आईबापांसह वल्हांडण सणाच्या यात्रेस गेला होता. पुढे याकोबाच्या विहिरीवर एका शोमरोनी स्त्रीने त्यास डोंगराविषयीच प्रश्न केला : तिचे पूर्वज गरिज्जीमावर भजन करीत आले, यहूदी तर यरुशलेमेचे नाव घेतात, मग खरे स्थान कोणते? प्रभूने उत्तर दिले की, पिता ज्यांस शोधतो ते आत्म्याने व खरेपणाने त्याचे भजन करितात. त्यांस हा डोंगर किंवा तो डोंगर असे बंधन नाही. परंतु हे उत्तर त्याने केव्हा दिले तेही पाहा. अगोदर तो तिच्या विहिरीच्या काठी बसला, तिच्याजवळ पाणी मागितले आणि तिचे बोलणे ऐकून घेतले. सत्य त्याने लपविले नाही. पण तहानही लपविली नाही.

आमच्या प्रांतात ह्याचे एक उदाहरण आहे. १८४५ साली नागपुरास आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे गोंड लोकांमध्ये फिरले आणि त्यांचे लिंगोचे गाणे त्यांनी लिहून घेतले. त्या गाण्यात महादेवाने गोंडांस गुहेत कोंडल्याची व लिंगोने त्यांस सोडविल्याची कथा आहे. १८६३ साली हिस्लॉपसाहेब ओढ्याच्या पुरात बुडून मरण पावले. त्यांची टिपणे १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. सुवार्ता सांगावयास आलेल्या मनुष्याने शेजाऱ्याची कथा इतक्या लक्षपूर्वक ऐकावी, हा धडा उपदेशकांनी गाठीस बांधण्याजोगा आहे.

आता आमच्या अनुभवातील गोष्ट सांगतो. आमच्या जुन्या स्नेहातील एका शेतकरी गृहस्थांचा मुलगा मोठ्या दुखण्यातून उठला आणि ते नवसाचा त्रिशूळ घेऊन चौरागडास निघाले. गुडघे दुखत असल्यामुळे त्यांनी आमची सोबत मागितली. आम्ही निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगितले की, वाटेत सर्व प्रकारे साहाय्य करू, पण पूजेत भाग घेणार नाही. ते म्हणाले, “भाऊ, मले ठाऊक हाय. पूजा माही मी करीन. तुमी रस्त्यानं सोबत चाला.”

पायऱ्या चढताना त्यांस धाप लागली. एका तरुणाने त्रिशूळ घेऊ केला. तेव्हा त्यांनी मान हलविली. “नवस माहा, तं लोखंडही माहंच,” असे ते बोलले. आम्ही त्यांची वळकटी व पाण्याचे भांडे घेतले. त्रिशुळास हात लाविला नाही. तेथे आम्हांस गलतीकरांस पत्राचा सहावा अध्याय आठवला. दुसऱ्या वचनात पौल एकमेकांची ओझी वाहावयास सांगतो आणि पाचव्या वचनात, प्रत्येकाला आपला भार स्वतःच वाहावा लागेल, असे म्हणतो. ह्यात विरोध नाही. मित्राची वळकटी आमची आहे, त्याचा श्वास कोंडला तर त्यास टेकू देणारा खांदा आमचा आहे; पण त्याचा नवस आमचा नाही, आणि आमची निष्ठाही त्याच्यासाठी गहाण टाकावयाची वस्तू नाही.

माथ्यावर ते देवळात गेले आणि आम्ही बाहेर त्यांच्या वहाणांजवळ बसून राहिलो. बाहेर आल्यावर त्यांनी विचारले, “तुमच्या देवाले तुमी काय नेता?” आम्ही त्यांस दुसऱ्या एका टेकडीची गोष्ट सांगितली : तेथे ओझे आमचे होते आणि वाहणारा दुसरा होता, म्हणून ऋण फेडण्यासाठी आम्ही काही नेत नाही. ते बराच वेळ उगे राहिले. मग म्हणाले, “मंग तुमचं सोपं हाय.”

बंधुभगिनींनो, हा शब्द निंदेचा नव्हता; तरी तो आम्हां सर्वांपुढे ठेवण्यासारखा आहे. तारण फुकट मिळाले हे खरे. पण जे फुकट मिळाले ते हलके झाले काय? मुलगा वाचला म्हणून एक बाप दुखऱ्या गुडघ्यांनी लोखंड घेऊन तेराशे पायऱ्या चढतो. आणि पुत्राच्या रक्ताने विकत घेतलेले आपण प्रभुवारी पाऊस आला म्हणून प्रार्थनामंदिरापर्यंत जात नाही, भांडलेल्या भावाच्या दारापर्यंत जात नाही, पल्याडच्या मोहल्ल्यातील तापाने पडलेल्या विधवेपर्यंत जात नाही. नवस फेडण्यासाठी चालणारा इतके चालतो, तर उपकार स्मरून चालणाऱ्याने किती चालावे?

मग जावे की न जावे? अरामी सेनापती नामान ह्याने अलीशापुढे अशीच अडचण मांडिली होती : धनी रिम्मोनाच्या देवळात हातावर टेकून वाकेल तेव्हा आपणांसही वाकावे लागेल. संदेष्ट्याने त्यास दटावले नाही; शांतीने निरोप दिला. म्हणून नव्या विश्वासणाऱ्यावर आपण दगड उचलू नये. तथापि नामानाने गोष्ट लपविली नाही, हेही विसरू नये. ज्याचा विश्वास अजून कोवळा आहे, किंवा ज्याच्या जाण्याने दुर्बळ भाऊ अडखळेल, त्याने घरीच राहून मित्राच्या गुराढोरांस वैरणपाणी करावे. तीही सोबतच आहे. जो जाईल त्याने तीन गोष्टी पाळाव्या : आपण कोठे थांबणार ते निघण्यापूर्वी सांगावे, वाटेत हसू नये, वाद घालू नये, ओझे घ्यावे, आणि मित्राने विचारले तर आपल्या आशेचे कारण सौम्यपणे सांगावे.

आमचे ते स्नेही आजही महादेवाचे भक्त आहेत आणि आजही आमचे मित्र आहेत. त्यांच्या अंतःकरणात काय होते ते देव जाणतो. तो हिशेब आम्हांकडे नाही. आम्हांकडे एवढेच आहे की, त्यांनी आम्हांस पाहून आमचा प्रभू ओळखावा. तो कृपाळू पिता आपल्या खांद्यांस शेजाऱ्याचे ओझे व आपल्या पायांस त्याची वाट देवो, आणि आपले अंतःकरण आपल्या पुत्राच्या ठायी स्थिर राखो. आमेन.