फाटकाच्या आतली तयारी

आईला ऑक्सिजन लागतो. तिच्या खाटेशेजारी कॉन्सन्ट्रेटर चालू असतो आणि रात्री त्याची घरघर थांबली की घरातले सगळे जागे होतात. त्यामुळे लाइन गेली तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून कधीच पुरता जात नाही. इन्व्हर्टरची बॅटरी, गाडीची बॅटरी, टाकीतलं पेट्रोल, कूलरचा पंप, फ्रिजमधलं इन्सुलिन, या सगळ्यांकडे मी जातीने बघतो. घर असं सज्ज ठेवणं माझं कर्तव्य आहे, त्याबद्दल मनात किंतु नाही. किंतु आहे तो या सज्जतेच्या हद्दीबद्दल. ती माझ्या फाटकाशी का संपते, हे मी अलीकडे स्वतःला विचारू लागलो आहे.

आधी बॅटरीचा हिशेब मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 12 व्होल्टची, 150 अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी कागदावर 1,800 वॅट-तास वीज देते. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण 300 ते 350 वॅट खातो. थोडी वीज इन्व्हर्टरमध्येच उष्णता होऊन जाते आणि बॅटरी तळापर्यंत रिकामी करायची नसते. हाती उरतात साडेतीन तास, तेही बॅटरी नवी असताना आणि तिच्यावर दुसरं काही चालू नसताना. याउलट वीज न लागणारं ऑक्सिजनचं छोटं सिलिंडर, दीड घनमीटरचं, मिनिटाला दोन लिटरच्या धारेने बारा तास पुरतं. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त असलेल्या माणसांना मी हा गुणाकार-भागाकार आवर्जून करून दाखवतो.

त्यात आपलं नागपूर. 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंशांची अधिकृत नोंद झाली. 30 मे 2024 ला आमच्या धंतोलीला लागूनच असलेल्या रामदासपेठेत, कृषी विद्यापीठाच्या शेतावरच्या स्वयंचलित यंत्राने 56 अंश दाखवले. यंत्रात बिघाड होता हे नंतर हवामान खात्याने स्पष्ट केलं, पण त्या दिवशी तो आकडा ऐकून मी दचकलो नव्हतो. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य 25 अंश धरून सांगितलेलं असतं आणि त्यावर दर दहा अंशांना ते साधारण अर्ध्यावर येतं. म्हणजे पाच वर्षं चालेल म्हणून घेतलेली बॅटरी जिन्याखालच्या कोंदट कोनाड्यात ठेवली, तर तिचं म्हातारपण फार लवकर येतं. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तो बंद जागेत साचला तर ठिणगीचं निमित्त पुरतं. जागा मोकळी, हवेशीर हवी.

महिन्यातून एकदा मी तिच्यासमोर पाट घेऊन बसतो. सहा टोप्या, प्रत्येकीत एक तरंगती दांडी. दांडी हिरव्या खुणेला असली तर ठीक, लाल खुणेला टेकली तर डिस्टिल्ड पाणी टाकायचं, नळाचं नाही. उन्हाळ्यात पाणी किती भराभर उडतं ते तिथे दिसतं. मधल्या दोन टोप्या नेहमी जास्त पितात, कारण मधल्या घरांची उष्णता बाहेर पडायला बाजू नसते. टर्मिनलवर निळसर-हिरवी खार चढलेली असते. खाण्याच्या सोड्याचं पाणी ओतलं की ती फसफसते, मग जुन्या टूथब्रशने घासायची, कोरडं करायचं, नट आवळायचा आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवायचा. हे काम मला आवडतं. त्या अर्ध्या तासात आपण आईसाठी काहीतरी खरंखुरं करतो आहोत असं वाटतं, आणि ते खोटं नाही.

पण गाडीच्या बाबतीत हेच समाधान मला तपासून पाहावं लागलं.

धंतोली ही मुळात बंगल्यांची वस्ती. गल्ल्या त्या मानाने आखलेल्या. आता घरांपेक्षा दवाखान्यांच्या पाट्या जास्त दिसतात. अख्ख्या विदर्भातून, शिवाय छिंदवाडा, बालाघाट, सिवनीकडून, छत्तीसगडातून माणसं इथे येतात. त्यांच्या जीपा, भाड्याच्या गाड्या, मोटरसायकली दोन्ही बाजूंनी लागतात. धंतोली नागरिक मंडळ या प्रश्नावर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेलं, आणि मी मनाने त्या याचिकेच्या बाजूचा आहे. इमारत दवाखान्याची आणि पार्किंग रस्त्यावर, हे चूकच आहे.

तरी रस्त्यावर उभी असलेली प्रत्येक गाडी बाहेरगावची नसते. आणीबाणीला गाडी कशी ठेवावी याचे नियम मला पाठ आहेत. टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही, स्टेपनीत हवा हवी, इंजिन बंद असताना बॅटरीने 12.6 व्होल्ट दाखवायला हवेत आणि गाडीचं तोंड निघायच्या दिशेला हवं. या शेवटच्या नियमासाठी माझी गाडी फाटकाबाहेर, गल्लीत लागायची. सेल्फ मारला की निघाली. आत लावली तर आधी पुढच्या दोन-तीन स्कूटर सरकवाव्या लागतात आणि त्यात तीन-चार मिनिटं जातात. श्वास लागलेल्या माणसाच्या घरी तीन-चार मिनिटं म्हणजे काय, हे दुसऱ्याने मला सांगायची गरज नाही.

मात्र 108 ची ॲम्ब्युलन्स दोन मीटरच्या आसपास रुंद असते. 2014 पासून ही सेवा महाराष्ट्रात आहे, 937 गाड्यांनी ती सुरू झाली. त्या गाडीच्या आत एखाद्याच्या आईसाठी माझ्या घरासारखीच सगळी तयारी असते: ऑक्सिजन, बॅटरी, प्रशिक्षित माणूस. ती यवतमाळहून किंवा गोंदियाहून शंभरावर किलोमीटर तोडून येते आणि शेवटच्या शंभर मीटरला, माझ्या गल्लीत, आरसे मिटून इंच-इंच सरकते. समोर उभी असते ती माझी गाडी, टाकी भरलेली, तोंड बाहेर केलेली, आणीबाणीला अगदी सज्ज. माझ्या तयारीनेच दुसऱ्याची वाट अडते, हे एकदा दिसल्यावर मला ते विसरता येईना. तरी मी लगेच गाडी हलवली नाही. तीन-चार मिनिटं आईच्या वाट्यातून जाणार होती, माझ्या नव्हे, आणि दुसऱ्याच्या वतीने उदार होणं सोपं असतं. म्हणून आईलाच विचारलं. ती म्हणाली, “मला न्यायलाही तीच गाडी येणार ना रे एखाद्या दिवशी?” आता गाडी आत असते आणि पुढच्या स्कूटरच्या जास्तीच्या चाव्या आमच्या इमारतीच्या चौकीदार काकांच्या केबिनमधल्या खिळ्याला.

गाडी आत म्हणजे खाली, आणि खाली म्हणजे पाण्याच्या वाटेत, हेही धंतोलीत विसरून चालत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे चारेक तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. मोरभवन बसस्थानकातल्या बसगाड्या पाण्यात होत्या, लष्कराच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या, माणसं गेली. अशा वेळी पहिल्यांदा बुडतं ते तळमजल्यावरचं इन्व्हर्टर, आणि बुडालेल्या गाडीला सेल्फ मारला तर इंजिनात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. एवढं मला समजतं. तळमजल्यावर जे राहतात, त्यांनी बॅटरी कुठे ठेवावी हे मात्र मी त्या दिवसापर्यंत कधी मनावर घेतलं नव्हतं. आम्ही वरच्या मजल्यावर आहोत.

सगळ्यात अवघड हिशेब कोविडच्या लाटेतल्या एप्रिल 2021 चा आहे. 23 एप्रिलला विशाखापट्टणमहून देशातली पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस नागपूरला आली, तीन टँकर इथे उतरले, बाकीचे नाशिककडे गेले. त्या दिवसांत धंतोलीच्या रस्त्यांवर माणसं रिकामी सिलिंडरं घेऊन फिरत होती. आमच्याकडे कॉन्सन्ट्रेटर होता आणि वर एक भरलेलं छोटं सिलिंडर. समोरच्या घरी वडिलांची ऑक्सिजनची पातळी उतरत होती, दवाखान्यात खाट मिळत नव्हती. मुलगा मागायला आला आणि आम्ही सिलिंडर दिलं. मला लिहायचं आहे ते दिल्याबद्दल नाही. दिल्यानंतर रात्रभर, दिवा जरा लुकलुकला की माझ्या मनात येत होतं, परत मागून आणावं. ते गृहस्थ त्या सिलिंडरवर श्वास घेत आहेत हे पुरतं ठाऊक असताना येत होतं. देणं हाताने झालं, मन मागे राहिलं. मी स्वतःला जितका चांगला समजत होतो, त्याची खरी मापं त्या रात्री कळली. त्या काळात ज्यांनी घरात सिलिंडरं दाबून ठेवली त्यांना आपण साठेबाज म्हणालो. त्यांतल्या काहींच्या घरीही एखादी आई खाटेवर असेल. भीती त्यांची आणि माझी एकाच जातीची होती. फरक इतकाच, की माझ्या दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं.

थंडीचा विचार तर माझ्या तयारीत जवळपास नव्हताच, कारण नागपूर म्हटलं की ऊन. तरी 29 डिसेंबर 2018 ला इथला पारा 3.5 अंशांवर उतरला होता. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, यशवंत स्टेडियमकडून मोर्चे निघतात, लांबून आलेली माणसं उघड्यावर रात्र काढतात. दवाखान्यांपुढच्या फुटपाथवर पेशंटचे नातेवाईक तर बारमाही असतात. ते पुठ्ठे पेटवून शेकतात. पेशंटला आणलेल्या जीपचा ड्रायव्हर काचा लावून इंजिन चालू ठेवून झोपतो, आणि कोणीतरी बंद खोलीत शेगडी घेऊन निजतो. दोन्हींत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. काच दोन बोटं उघडी ठेव, इंजिन बंद कर, घोंगडी घे, एवढं सांगायला मला खाली उतरावं लागतं. घोंगडी द्यावी लागते.

उबेबद्दल विदर्भाला कोणी बाहेरून शिकवायची गरज नाही. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली. बाळ कोरडं करणं, गुंडाळणं, उबदार पिशवीत ठेवणं, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून औषध देणं. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे काम छापलं. 39 गावांत नवजातांचे मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले होते. आणि नागपूरहून साठेक किलोमीटरवर, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात, 9 जानेवारी 2021 च्या पहाटे दहा बाळं गेली. त्यांना जपण्यासाठी, ऊब देण्यासाठीच ज्या कक्षात ठेवलं होतं, त्याच कक्षात आग लागली. मी यंत्रांच्या विरोधात नाही, माझी आई यंत्रावर आहे. पण यंत्र घेतलं की तयारी झाली असं मला वाटतं, तेव्हा ही दोन ठिकाणं मी आठवून पाहतो. गडचिरोलीत बाळाजवळ रोज जाणारी शेजारची बाई हीच मुख्य तयारी होती.

आता चौकीदार काका. त्यांची केबिन पत्र्याची आहे. नवतप्याच्या उन्हात दुपारी लाइन गेली की त्यांचा टेबल फॅन बंद पडतो आणि आमच्या खोलीत कॉन्सन्ट्रेटर, पंखा, छोटा कूलर इन्व्हर्टरवर चालू राहतो. नागपूरची हवा कोरडी, म्हणून मेमध्ये कूलर काम करतो आणि एसीच्या मानाने फारच कमी विजेत करतो. हवा चाळिशीपलीकडे तापली की नुसता पंखा अंगावर गरम झोत फेकतो, अंग ओलं असलं तरच तो कामाचा. हे मी काकांना सांगितलं, ओला दुपट्टा आणि माठ ठेवायला दिला, आणि माझं काम झालं असं समजून वर आलो. मग जिन्यात हिशेब केला. 50 वॅटचा पंखा माझ्या इन्व्हर्टरवर जोडला तर एकट्या कॉन्सन्ट्रेटरच्या साडेतीन तासांतला सुमारे अर्धा तास जातो. हा अर्धा तास मी इतकी वर्षं न मोजता राखून ठेवला होता. छोटं सिलिंडर भरलेलं असेल तर तो सहज निघतो, शिवाय आमच्या खोलीतला मोबाइल चार्जर आणि बैठकीतला दिवा बंद ठेवला तर त्यातला थोडा भरून येतो.

काकांच्या पंख्यासाठी वायर ओढायला इलेक्ट्रिशियन रविवारी येणार आहे. तळमजल्यावरच्या कुटुंबाची बॅटरी जिन्याच्या वळणावर, खिडकीपाशी, लोखंडी स्टँडवर चढवायचं कामही त्याच दिवशी उरकू. त्यांनी विचारलं, स्टँडचा खर्च कसा वाटायचा. मी म्हटलं, आधी उंची ठरवू या, 2023 ला पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हालाच माहीत आहे.