थुंब्याचे देऊळ आणि हातभर अंगण

श्रोतेहो, त्यागाचे निरूपण आम्ही आजवर पुष्कळ केले. पण त्यागाचा पहिला पाठ आम्हांस मिळाला तो पोथीत नव्हे, अग्निबाणांच्या आवारात!

1971 साली आम्ही दहा वर्षांचे होतो. रामेश्वर, कन्याकुमारी करून वडिलांनी आम्हांस पद्मनाभस्वामींच्या दर्शनास तिरुवनंतपुरमला नेले. त्यांच्या ओळखीचे एक गृहस्थ जवळच थुंबा येथील अग्निबाण केंद्रात नोकरीस होते. ते आग्रहाने तेथे घेऊन गेले. वाळू, नारळी, समुद्र, आणि तिथेच एक ख्रिस्ती देऊळ. पण आत कचेरी! आम्ही विचारले, "आबा, इथला देव कुठं गेला हो?"

गृहस्थांनी सांगितले, पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त या गावाजवळून जाते. त्यावरील आकाश अभ्यासण्यास ही जागा योग्य, म्हणून विक्रम साराभाईंनी ती मागितली. बिशपांनी रविवारच्या प्रार्थनेत गावच्या लोकांस विचारले, आणि लोकांनी होकार दिला. ही हकीकत पुढे डॉ. अब्दुल कलाम यांनीही लिहून ठेवली आहे. त्या कोळी बांधवांनी देऊळ दिले, घरे दिली, दुसरीकडे वस्ती केली. 21 नोव्हेंबर 1963 रोजी त्या किनाऱ्यावरून पहिला अग्निबाण उडाला. आबांनी त्या कचेरीस हात जोडले.

मग अग्निबाणाची रीत कळली. त्याचे दोन खंड. खालचा जळतो, वरच्यास रेटा देतो आणि समुद्रात पडतो. आम्ही हळहळलो, "मग खालचा फुकटच गेला!"

आबा म्हणाले, "फुकट कसा रे बाळा? तो सुटला म्हणून वरचा चढला. धरून बसला असता तर दोघंही खालीच."

आता लपवावे कशास? आबांच्या मागे आम्हां दोघां भावांत अंगणातल्या हातभर जागेवरून तंटा झाला. मध्ये भिंत उठली. बारा वर्षे बोलणे नाही. गादीवर उभे राहून आम्ही त्याग सांगत होतो, आणि घरी दोरी धरून जमीन मोजत होतो! गेल्या आषाढीस वाळवंटात एका म्हाताऱ्या माउलीने आमच्या पाया पडून सहज विचारले, "महाराज, तुम्ही काय सोडलंत?"

उत्तर सुचेना. थुंब्याचे देऊळ डोळ्यांपुढे उभे राहिले. घरी परतताच धाकट्याच्या दारी गेलो. बारा वर्षांची भिंत पाडायला अर्धा दिवस लागला.

बाबांनो, तुमच्याही घरी अशी हातभर जागा असेल. पंढरीस निघण्याआधी तेवढी सोडून या. चालणे हलके होईल. रामकृष्णहरि!