पासबुक कोणाच्या हातात?



समजा, आपल्या घरात पोलिओने पाय अधू झालेला तरुण आहे. तो कारखान्यात जातो, घाम गाळतो आणि पगार आणून आपल्या हाती देतो. "तुला पैसे कशाला? आम्ही आहोत ना!" असे आपण सहज म्हणतो. त्यात प्रेमच असते. त्याला आपण काही कमी पडू देत नाही. मग त्याला स्वतःची पुंजी हवीच कशाला?

पगाराने आजचा दिवस निघतो, पुंजीने उद्याची चिंता मिटते. एकेकाळी अनेक दिव्यांग बांधव टेलिफोन बूथ चालवून पोट भरत. घरोघरी मोबाइल आले आणि बूथ बंद पडले. अशा वेळी ज्याच्या गाठीला चार पैसे असतात, तो दुसरा धंदा पाहतो. ज्याच्याकडे ते नसतात, त्याला पुन्हा दुसऱ्यांपुढे हात पसरावा लागतो. शिवाय रिक्षाचे भाडे, कॅलिपरची दुरुस्ती, श्रवणयंत्राची बॅटरी हे खर्च इतरांना नसतात. पगार सारखा असला तरी शिल्लक सारखी राहत नाही.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी काम करणारे एक तृतीयांशाहून थोडेच अधिक होते. म्हणजे कमावणारे आधीच थोडे. त्यांच्याही कमाईवर त्यांचा ताबा नसेल, तर त्यांनी कष्ट कशासाठी करायचे?

अंध ग्राहकाला चेकबुक, एटीएम वा लॉकर नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २००८ साली सर्व बँकांना बजावले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मालमत्ता बाळगण्याचा आणि आपला आर्थिक व्यवहार स्वतः पाहण्याचा हक्क मान्य केला. बँकेचे दार कायद्याने उघडले, पण घरातल्या कपाटाची किल्ली आपल्याकडेच आहे.

"कोणी फसवले तर?" ही आई-वडिलांची भीती खोटी नाही. काहींना हिशेब समजायला मदत लागतेच. पण मदत करणे वेगळे आणि त्याच्या जागी आपणच निर्णय घेणे वेगळे. त्याच्यासोबत बँकेत जावे, पासबुक वाचून दाखवावे, पण किती काढायचे ते त्याला ठरवू द्यावे. एखादे वेळी तो चुकेलही. आपण काय कमी चुकलो?

आणखी एक गोष्ट. ज्याच्या हाती स्वतःचा पैसा नाही, त्याने आयुष्यभर फक्त घेतच राहायचे. भाचीच्या वाढदिवसाला भेट आणावी, रविवारी दानाच्या थैलीत आपल्या कष्टाचे दहा रुपये टाकावेत, हा आनंद त्याला कधी मिळायचा? आपण त्याला पुष्कळ दिले असेल. त्यालाही कोणाला काही देता यावे, एवढी मोकळीक आपण त्याला दिली आहे का?

आज घरी गेल्यावर त्याचे पासबुक कोठे आहे, ते पाहू या आणि ते त्याच्या हाती देऊ या.