पुराव्याचा भार

आमच्या कॉलेजच्या अध्यापककक्षांत पिण्याच्या पाण्याचा वीस लिटरचा निळसर जार उलटा बसविलेला असतो. गेल्या एप्रिलांत ते जार घेऊन येणारा टेंपो भर दुपारीं दोन तास फाटकापाशीं उन्हांत उभा होता. मीं तें सहज बोलून दाखविलें, तेव्हां रसायनशास्त्राचे सहकारी म्हणाले, "सर, या प्लॅस्टिकमधून बिस्फेनॉल पाण्यांत उतरतें, तापलें म्हणजे अधिक उतरतें." त्यावर, कायद्याची पदवी घेतलेले दुसरे एक सहकारी म्हणाले, "पण त्यानें अपाय होतो हें सिद्ध झालें आहे काय? होईपर्यंत त्या बिचाऱ्याला निर्दोषच मानलें पाहिजे." सर्व हंसले आणि घंटा झाली. मला मात्र तें वाक्य विसरतां आलें नाहीं. विनोदानें उच्चारलेलें हें तत्त्व आपण व्यवहारांत गंभीरपणें पाळीत असतों, असें मला वाटतें. मी रसायनज्ञ नव्हे. परंतु हा प्रश्न शेवटीं रसायनाचा राहत नाहीं, न्यायाचा होतो.

या आरोपीचा पूर्ववृत्तान्त ध्यानांत घेण्याजोगा आहे. बिस्फेनॉल-ए हें द्रव्य दियानिन नांवाच्या रशियन रसायनज्ञानें १८९१ सालीं तयार केलें. पुढें १९३६ सालीं लंडन येथें डॉड्स व लॉसन यांनीं, अंडाशय काढलेल्या उंदरिणींवर प्रयोग करून, तें ईस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखें कार्य करतें असें दाखविलें. त्यांना औषध हवें होतें. १९३८ सालीं डॉड्स यांच्या हातीं याहून कितीतरी प्रभावी असें दुसरें द्रव्य लागलें आणि बिस्फेनॉल मागें पडलें. १९५३ सालीं त्यापासून पॉलिकार्बोनेट हें कांचेसारखें पारदर्शक, पण न फुटणारें प्लॅस्टिक बनविण्याची युक्ति सांपडली, आणि कालांतरानें त्याच्या मुलांच्या दुधाच्या बाटल्या व पाण्याचे जार झाले. म्हणजे संप्रेरकाचा गुण आधीं कळला आणि पाण्याचें भांडें मागाहून घडलें. अज्ञानामुळें झालें असें म्हणण्याची सोय येथें नाहीं. ज्ञान ग्रंथालयांत होतें. भांडें घडविणारास तेथें जाण्याचें कारण पडलें नाहीं, एवढेंच.

त्या विसरलेल्या गुणाची आठवण झाली तीही अपघातानें. यीस्टमध्यें ईस्ट्रोजेन तयार होतें कीं काय, हें स्टॅन्फर्ड विद्यापीठांतील कांहीं संशोधक पाहत होते. त्यांना तसें द्रव्य सांपडलें. परंतु तें यीस्टचें नव्हतें. ज्या पॉलिकार्बोनेटच्या चंबूंत पाणी तापवून जंतुरहित केलें होतें, त्या चंबूचें तें होतें! प्रमाण लिटरमागें दोनतीन मायक्रोग्रॅम. ही हकीकत १९९३ सालीं प्रसिद्ध झाली. १९९८ सालीं अमेरिकेंतच पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेंतील उंदरिणींच्या बीजांडांत गुणसूत्रांचा घोटाळा एकाएकीं वाढला. शोध करतां कळलें कीं, पिंजरे व पाण्याच्या बाटल्या कोणीतरी चुकून फरशी धुण्याच्या तीव्र द्रावणानें धुतल्या होत्या, आणि झिजलेल्या प्लॅस्टिकमधून बिस्फेनॉल सुटत होतें. दोन्ही ठिकाणीं या द्रव्याचा शोध कोणीच करीत नव्हतें.

मग किती पोटांत गेलें तर चालेल, हा प्रश्न आला. युरोपच्या अन्नसुरक्षा-संस्थेनें २००६ सालीं देहाच्या वजनाच्या दर किलोमागें रोज ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरविली. २०१५ सालीं ती ४ वर आणली. आणि २०२३ सालीं ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे आठ वर्षांत वीस हजारपट खालीं! जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेस हें मान्य झालें नाहीं. तिनें त्याच वर्षीं २०० नॅनोग्रॅमचा आंकडा पुढें केला. यांत कोणाचें बरोबर, हें मी सांगूं शकत नाहीं. हें द्रव्य पाण्यापेक्षां डबाबंद अन्नांतून, डब्याच्या आंतील लेपामुळें, अधिक पोटांत जातें, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. परंतु २०१५ सालीं ज्याला 'निर्धोक' म्हटलें तो एक तात्पुरता निवाडा होता, आणि तो चुकला तर शिक्षा निवाडा देणारास नव्हे, पाणी पिणारास व्हावयाची होती.

आतां आमच्या कायदेपंडित मित्रांच्या तत्त्वाकडे वळूं. गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपीस निर्दोष मानावें, या नियमाविषयीं मला नितांत आदर आहे. पण तो निघाला कशासाठीं? एका बाजूस राजसत्ता, तिच्या हातीं पोलीस, तुरुंग आणि फांसाचा दोर; दुसऱ्या बाजूस एकटा मनुष्य. म्हणून पुराव्याचा भार बलवानावर टाकला. बिस्फेनॉलच्या खटल्यांत पारडें नेमकें उलटें आहे. येथें आरोपीमागें कारखाने व तज्ज्ञ उभे आहेत, आणि फिर्यादी कोण? तर आमचा शिपाई, उन्हांतून आलेला विद्यार्थी, बाटलीनें दूध पिणारें मूल. शिवाय पदार्थाला कैदेचें दुःख नाहीं, बेअब्रू नाहीं, बायकामुलें नाहींत. दुबळ्यासाठीं घडविलेलें कवच आपण वस्तूला चढविलें, आणि ज्याच्यासाठीं तें घडविलें होतें त्याला उघडा ठेवला. त्यांतही अपाय शाबीत व्हावयाचा तर तो आधीं कोणाच्या तरी देहांत घडावा लागतो. अमेरिकेंत २००३-०४ च्या पाहणींत सहा वर्षांवरील शेंकडा ९३ लोकांच्या मूत्रांत हें द्रव्य आढळलें. या लोकांची संमति कोणीं घेतली होती?

एक आक्षेप मात्र मला खरोखर अडवितो. प्रत्येक नवें द्रव्य दोषी धरलें असतें तर नळाच्या पाण्यांत क्लोरीन पडला नसता, आणि पटकीनें किती माणसें गेलीं असतीं याची गणती नाहीं. त्या क्लोरीनपासून पाण्यांत क्लोरोफॉर्म तयार होतें हें १९७४ सालीं कळलें. तरी तो बंद करा, असें कोणी शहाणा म्हणत नाहीं. दुष्काळी तालुक्यांत पितळी हंडा डोक्यावर घेऊन चालणाऱ्या बाईला प्लॅस्टिकच्या घागरीनें किती हलकें केलें, हें मीं पंख्याखालीं बसून विसरणें बरें नव्हे. (ती घागर निराळ्या जातीच्या प्लॅस्टिकची असते, तींत बिस्फेनॉल नसतें.) पण क्लोरीनचा लाभ व धोका एकाच माणसाच्या वांट्यास येतो. पटकीपासून वांचतो तोच क्लोरोफॉर्म पितो. जारचें तसें नाहीं. स्वच्छ पाण्याचा लाभ पिणाऱ्याचा, हें खरें. परंतु जार न फुटण्याचा लाभ मुख्यतः विकणाऱ्याचा, आणि बिस्फेनॉल येतें तें त्या न फुटण्याबरोबर.

भारतीय मानक ब्यूरोनें २०१५ सालीं मुलांच्या दुधाच्या बाटल्यांस पॉलिकार्बोनेट वर्ज्य केलें. युरोपनें जानेवारी २०२५ पासून अन्नपाण्याच्या भांड्यांतून बिस्फेनॉल-ए काढण्यास आरंभ केला. इतक्यांत कांहीं वस्तूंत त्याच्या जागीं बिस्फेनॉल-एस आलें, आणि त्यांवर 'बीपीए-मुक्त' अशी चिठ्ठी लागली. त्याचाही संप्रेरकगुण प्रयोगशाळेंत दिसून आला आहे. पण खटला नवा, तेव्हां आरोपी पुनः निर्दोष!

आमच्या कक्षांत मीं एक माठ आणविला. तो रोज कोणीं भरावयाचा, यावर पंधरा दिवस वाद झाला आणि माठ कोरडा राहिला. रसायनवाले म्हणाले, निदान जार आल्याबरोबर सावलींत उतरवून घ्यावेत; शिपायाला तसें बजावलेंही. परवां दुपारीं पाहतों तों टेंपो पुनः उन्हांत, आणि टेंपोवाला जेवावयास गेलेला. मीं स्वतः एक जार उचलून पाहिला. वीस किलोंचें ओझें या वयांत झेपलें नाहीं. पुढचा तास संपवून आलों तेव्हां घसा कोरडा पडला होता. तोंवर तो जार आंत बसवून झाला होता. मीं त्यांतलेंच दोन पेले पाणी प्यालों.